गाढव घरी का आलं नाही

१

गाढव सापडलं तेव्हा ते सूर्यफुलांच्या न कापलेल्या शेतात, तोफगोळ्याच्या खड्ड्यात एका कुशीवर पडलं होतं. त्याच्या पाठीवर बांधलेला माणूस मेलेला होता.

गाढव म्हणजे यंत्र. चार चाकं, मधे बॅटऱ्या, वर स्ट्रेचर, पुढे एका दांडीवर कॅमेरा. त्यात चालक बसत नाही, लांबून पडद्यावर बघत ते चालवतात. आमच्या झापोरिझियात, बसच्या जुन्या डेपोत ही यंत्रं बनतात. जखमी सैनिकाला आघाडीवरून मागे आणायला हल्ली माणसं पाठवत नाहीत. आकाशात शत्रूच्या ड्रोनचे डोळे असतात आणि दिसेल त्यावर ते पडतात. म्हणून गाढव जातं.

मेलेल्या सार्जंटचं नाव मार्कियान. जखम मांडीला होती. वेळेत पोहोचला असता तर वाचला असता, असं पलटणीचा डॉक्टर म्हणाला.

हे सगळं मला रोक्सोलाना वादिमिवनानं सांगितलं. ती डेपोची प्रमुख. माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली होती. पूर्वी ती पेरणीयंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर होती आणि माझी बायको स्तेफा तिच्या खात्यात आराखडे काढायची. स्तेफाला जाऊन वर्ष होत आलं. त्यानंतर रोक्सोलाना घरी पहिल्यांदाच येत होती.

"साव्वा लुकिच, मदत हवीय."

"माझी? मी आता बटाटे सोलतो आणि बातम्या ऐकतो."

"तीस वर्षं तुम्ही पोलिसात रस्त्यावरचे अपघात तपासलेत. गाडी रस्ता का सोडते, ते तुम्हाला कळतं."

"गाडीत माणूस असतो, रोक्सोलाना. तो दारू पितो, झोपतो, बायकोशी भांडून निघतो. तुमच्या गाढवात कोण असतं?"

"ओस्ताप," ती म्हणाली. "निदान कॅप्टनला तसं वाटतं."

आघाडीवर शत्रूनं हवेत रेडिओलहरींचा इतका गोंगाट केलेला असतो की यंत्राचा संपर्क कधीही तुटतो. तुटला की गाढवानं आपलं आपण, आल्या वाटेनं घरी यायचं असतं. ही अक्कल त्याच्यात ओस्तापनं घातली. ओस्ताप पंचविशीचा. त्याचा बाप सीमेपलीकडे, रशियात रोस्तोवला राहतो आणि दर रविवारी फोन करतो.

"सुरक्षा खात्याचा कॅप्टन शुक्रवारी त्याला घेऊन जाणार. देशद्रोह म्हणून. म्हणजे जन्म तुरुंगात."

"आणि त्यानंच केलं असेल तर?"

"तर मला कळलं पाहिजे. उद्या आणखी दोन यंत्रं त्याच पलटणीकडे निघतायत. त्यांच्यावर कुणाची तरी मुलं बांधली जाणार आहेत, साव्वा लुकिच. एका बाजूला ती मुलं, दुसऱ्या बाजूला हा. मी कुणावर विश्वास ठेवू, एवढंच सांगा."

मी सुरी धुतली, बटाटे पाण्यात टाकले आणि कोट घातला.

२

डेपोत गाढव मधोमध उभं होतं. शेजारी ओस्ताप खोक्यावर बसला होता. उंच, सडपातळ, डोळ्यांखाली काळं. मला पाहून उठला नाही.

"काका, तुम्हीपण विचारणार का बाप काय म्हणतो ते?"

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तू खेळणी बनवतोस ना, मग सैन्याचे लोक तुझ्याकडे का येतात? मी म्हणतो, बाबा, इथं पाऊस पडतोय, तुमच्याकडे? झालं. तेवढंच बोलणं. आई गेल्यावर तेवढंच उरलंय."

"फोन घेणं बंद का करत नाहीस?"

"तुम्ही केलं असतंत?"

मी विषय बदलला. संपर्क तुटल्यावर यंत्र वाट कशी ओळखतं, ते विचारलं. उपग्रहाची खूण तिथं चालत नाही, तो म्हणाला. मग गाढव दोन गोष्टींवर चालतं. चाकं किती फिरली यावरून किती अंतर गेलो ते कळतं, आणि दांडीच्या वरच्या टोकाला होकायंत्र आहे, त्यावरून कोणत्या दिशेला तोंड आहे ते. जाताना दोन्ही लक्षात ठेवायचं, येताना उलटं करायचं.

"दाखव."

आम्ही गाढव मागच्या मोकळ्या आवारात नेलं. ओस्तापनं त्याला भंगार बसच्या मागून वळवून पार कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत चालवलं आणि संपर्क तोडला. यंत्र क्षणभर थांबलं, वास घेतल्यासारखं. मग वळलं, बसला वळसा घातला आणि आमच्या बुटांपाशी येऊन उभं राहिलं.

"काय दुरुस्त केलंस?"

"काही नाही. खड्ड्यातून आणलं तसं आहे. फक्त रक्त धुतलंय. तेही वेल्डर त्रिफोननं. मला जमलं नाही."

दारात कुणीतरी खाकरलं. कॅप्टन होता. पोक्त, थकलेला माणूस, हातात स्वतःचा थर्मास. ओरडणाऱ्यातला नव्हता, म्हणून त्याचं म्हणणं जास्त जड वाटलं.

"आज शहाण्यासारखं आलं, पाहिलंत? चाकं तीच, डोकं तेच. म्हणजे त्या दिवशी याला कुणीतरी वेडं केलं आणि नंतर पुसून टाकलं. लांबून असं करू शकणारा माणूस या शहरात एकच आहे, साव्वा लुकिच, आणि तो तुमच्या शेजारी उभा आहे."

ओस्ताप वाकून यंत्राच्या चाकातलं गवत काढू लागला. कॅप्टनचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

३

यंत्राला हात लावणारे डेपोत आणखी दोघं होते. वेल्डर त्रिफोन आणि ड्रायव्हर देमिद. मी दोघांना चहाच्या टेबलावर एकत्रच गाठलं. एकटा माणूस विचार करून बोलतो, दोघं असले की एकमेकांची अंडीपिल्ली काढतात.

त्रिफोनबद्दल कॅप्टनच्या कानावर एक गोष्ट होतीच. गाढवावर मशीनगन बसवायचं चाललं होतं आणि तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की मी याचे पाय मोडीन.

"म्हणालो होतो," त्रिफोन म्हणाला. "अजून म्हणतो. ज्यावर जखमी पोर झोपवायचं त्याच्यावर बंदूक लावलीत तर शत्रू दोघांना सारखंच मारेल. वेगळं यंत्र बनवा, मग लावा तोफ!"

"मग मोडलेत पाय?"

त्यानं कप आपटला. "ह्याच्यावर स्ट्रेचर होतं, माणसा! ते माझ्या हातचं आहे. माझा पुतण्या असल्याच स्ट्रेचरवर परत आला. आणि मी त्यात खोट घालीन?"

"ओस्तापबद्दल काय वाटतं?"

"वैताग आहे. दांडीपाशी लोखंडी स्क्रू लावला की किंचाळतो. पितळीच हवा म्हणे. परवा मी तिथं पाना विसरलो तर सासूसारखा बोलला. पण असा चिकट माणूस माणूस मारायला यंत्र बिघडवत नाही, साव्वा लुकिच. त्याला बिघडलेलं यंत्र सहनच होत नाही."

देमिद मात्र नखं कुरतडत होता. गोलमटोल, हसऱ्या तोंडाचा. यंत्रं गाडीवर चढवून आघाडीपर्यंत नेणारा हाच.

"निघताना रीतीप्रमाणे सगळे थोडं बसलो," तो म्हणाला. "गप्प. प्रवासाला निघताना बसतात तसं."

"यंत्रासाठीसुद्धा?"

"त्याच्यावरून येणारे आपलेच ना."

"वाटेत कुठं थांबलास?"

"कुठंच नाही." फार पटकन म्हणाला.

"खोटारड्या!" त्रिफोन ओरडला. "पेट्रोलपंपावर कॉफी आणि पावातलं सॉसेज पोटात गेल्याशिवाय ह्याची गाडी तिसऱ्या गिअरला जात नाही. सगळा महामार्ग ओळखतो ह्याला."

देमिद कानापर्यंत लाल झाला. थांबला होता. यंत्र ताडपत्रीखाली एकटं होतं. कॅप्टनला त्यानं सांगितलं नव्हतं, कारण वाटेत थांबायची मनाई आहे आणि त्याला नोकरी जायची भीती होती. पण ताडपत्रीच्या गाठी जशाच्या तशा होत्या, असं तो शपथेवर म्हणाला. पुरावा म्हणून फोन पुढे केला. यंत्रासाठी ज्यांनी वर्गणी दिली त्यांना तो प्रत्येक यंत्राचा निघतानाचा आणि पोहोचल्यावरचा फोटो पाठवतो. दोन्ही फोटोंतलं गाढव हुबेहूब सारखं होतं.

मी फोटो बराच वेळ बघितले. फोटोतलं गाढव आणि आवारात पाहिलेलं गाढव यांत काहीतरी फरक होता. पण समोरच्या माणसाचा चष्मा हरवलेला असावा आणि आपल्याला नुसतं वेगळं वाटत राहावं, तसं झालं. फोटो माझ्या फोनवर घेतले आणि जेवायला घरी आलो.

शेजारची पेलाहिया जिन्यात उभीच होती, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन.

"फ्रिजवरची चुंबकं आहेत का हो, साव्वा लुकिच? गावोगावची असतात ती."

"कशाला?"

"शाळेच्या तळघरात बायका शिवतात ना, त्यांना हवीत. कशाला ते सांगत नाहीत. सैन्याचं गुपित म्हणे! त्यांची प्रमुख मेलानिया तर तोंडाला टाका घालून बसलीय. मी माझी सगळी दिली. ओदेसाचं, ल्विवचं, बहिणीनं आणलेलं उंटाचंसुद्धा."

माझ्या फ्रिजवर एकच होतं. बेर्द्यान्स्कचा मासा, डोक्यावर खलाशाची टोपी. शेवटच्या सुट्टीत समुद्रावर स्तेफानं घेतला होता. ते गाव आता पलीकडच्यांच्या ताब्यात आहे.

"हे नाही देणार," मी म्हणालो.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली आणि वरच्या मजल्यावर गेली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी रोक्सोलानानं मला पलटणीनं आकाशातून काढलेले फोटो दाखवले. ओल्या मातीत गाढवाच्या चाकांची खूण स्पष्ट होती. कॅप्टन आणि ओस्ताप टेबलाच्या दोन टोकांना उभे होते.

इतकी वर्षं मी हेच काम केलं. चाकं खोटं बोलत नाहीत.

"ह्याचं स्टिअरिंग वाकडं असतं, तर ते सगळ्या वाटेवर एकाच बाजूला ओढलं असतं," मी म्हणालो. "पण बघा. जखमीला घेऊन निघाल्यावर, संपर्क तुटल्यावरही, झाडांच्या रांगेच्या कडेनं, उत्तरेकडे, ते दोरीसारखं सरळ आलंय. इथं वाट पश्चिमेला वळते. आणि वळल्याबरोबर गाढव घसरत चाललं शेतात. पुढे आणखी, आणखी. दारुड्या असा जात नाही. हा आपण बरोबर चाललोय अशा खात्रीनं चुकीच्या दिशेला जाणारा चालक आहे."

ओस्ताप टेबलावर ओणवा झाला. त्याचे ओठ हलत होते.

"उत्तरेला बरोबर, पश्चिमेला चूक," तो पुटपुटला. "काका, हे लोखंड आहे."

"नीट सांग."

"होकायंत्राशेजारी लोखंड किंवा चुंबक ठेवलं तर असंच होतं. एका दिशेला तोंड असताना काटा बरोबर दाखवतो, दुसरीकडे वळलं की फसतो. म्हणून तर मी पितळी स्क्रू मागतो! शेवटच्या चाचणीनंतर कुणीतरी दांडीला काहीतरी लावलं."

"आणि आता ते तिथं नाही," कॅप्टन शांतपणे म्हणाला. "लावणारा आणि काढणारा, दोन्ही तूच असू शकतोस. उलट तुझ्याइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं, हे तू आत्ताच सिद्ध केलंस."



मी फोन काढून देमिदचे फोटो पुन्हा उघडले. आता नजरेला काय शोधायचं ते ठाऊक होतं. फोटोत कॅमेऱ्याच्या दांडीला हिरवट कापडाचं आवरण होतं, वर कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलेलं. आवारातली दांडी उघडी होती.

"हे काय?"

"टोपडं," रोक्सोलाना म्हणाली. "चिखल आणि दंव बसू नये म्हणून. निघताना देमिद चढवतो. खड्ड्यात फाटून पडलं असेल. नुसतं कापड आहे, साव्वा लुकिच."

"जखमीला बांधलं कुणी?"

"यारिनानं. पलटणीची परिचारिका."

फोन लागायला बराच वेळ गेला. यारिनाचा आवाज बसलेला होता. खड्ड्यातून गाढव आणलं तेव्हाही तीच पुढे झाली होती. मी टोपड्याचं विचारलं.

"मी घेतलं," ती म्हणाली. "मार्कियानच्या तोंडावर घालायला. तेवढंच एक कापड जरा स्वच्छ होतं. चूक झाली का?"

"नाही, पोरी. चूक नाही झाली. मग पुढे?"

"वारा होता. उडेल म्हणून मी दगड शोधत होते. पण ते उडेचना. त्याच्या छातीवरच्या चिलखताच्या पत्र्याला चिकटून बसलं होतं. ओढलं तरी परत चिकटायचं. मला वाटलं..." ती थांबली. "मला वाटलं, तोच धरून ठेवतोय. मग तसंच राहू दिलं. तसंच त्याला पाठवलं."

५

मी घरी गेलो, फ्रिजवरचा मासा काढला आणि खिशात घालून परत आलो. वाटेत दोनदा हात खिशात गेला.

आवारात ओस्तापनं गाढव पुन्हा भंगार बसच्या मागे नेलं. मी मासा रुमालात गुंडाळून दांडीच्या वरच्या टोकाला बांधला. संपर्क तुटला. गाढव वळलं, बसच्या कडेनं नीट आलं, मग वळणावर आलं आणि कसलीही शंका न घेता कुंपणाच्या जाळीत जाऊन घुसलं. चाकं तिथंच फिरत राहिली.

कॅप्टननं थर्मासचं झाकण लावलं. "कुणाचं काम?"

"शत्रूचं नाही," मी म्हणालो. "रोक्सोलाना, आजची यंत्रं निघाली?"

तिचा चेहरा उतरला. "सकाळीच. नवी टोपडी घेऊन."

देमिदचा फोन लागेना. पलटणीचाही लागेना. ओस्ताप पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होता, स्वतःच्या सुटकेचं त्याला भानच नव्हतं. तेवढ्यात दारातून त्रिफोन म्हणाला, "अरे, त्याला कशाला फोन करता? पेट्रोलपंपावर करा!"

पंपावरच्या मुलीनं फोन उचलला. हो, आहे ना, ती म्हणाली. खिडकीपाशी बसलाय, दुसरं सॉसेज सांगितलंय. देऊ का?

देमिद फोनवर येताच घाईघाईनं म्हणाला, "मी थांबलो नव्हतो, आत्ताच..."

"देमिद, बाळा," रोक्सोलाना म्हणाली, "पोटभर खा. पैसे मी देते. आणि टोपडी काढून गाडीच्या पुढच्या भागात ठेव."

६

शाळेच्या तळघरात बायका लांब टेबलांभोवती बसल्या होत्या. परतलेल्या कांद्याचा आणि नव्या कापडाचा वास येत होता. मेलानिया पावलिवना शिलाईयंत्रावर होती. साठीची, भरदार, तोंडात टाचण्या. बेर्द्यान्स्कला तिचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. एक पिशवी घेऊन ती तिथून निघाली होती.

"या, साव्वा लुकिच! पेलाहिया म्हणाली तुम्ही मासा देत नाही. आता पाघळलात वाटतं?"

माझ्यामागून रोक्सोलाना आणि ओस्ताप आत आले. मी म्हणालो, "मेलानिया पावलिवना, आधी मला तुमचं काम दाखवा."

ती खूश झाली. एक टोपडं उलटं करून तिनं काठ दाखवला. "आधी बांधायचे बंद होते. आघाडीवरच्या मुलीनं निरोप पाठवला, थंडीत बोटं चालत नाहीत, गाठ सुटत नाही. मग चिकटपट्टी लावली. तर ती काढताना एवढा चर्रर्र आवाज होतो की शेजारच्या खंदकात ऐकू जावा. मग सुचलं चुंबकाचं. नुसतं जवळ नेलं की मिटतं, ओढलं की उघडतं, आवाज नाही. विकत कुठून आणणार? म्हणून म्हटलं, प्रत्येकीच्या फ्रिजवर आहेत की. बघा, ह्या काठात याल्ता आहे, इथं माझं बेर्द्यान्स्क, इथं कुणाचं तरी मारियुपोल. आमची गावं सगळी. जाऊ देत पोरांबरोबर."

फार चांगली युक्ती होती. मी तपासलेल्या कुठल्याच अपघातामागे इतकी माया नव्हती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. हळू सांगितलं, पण काही गाळलं नाही.

तिनं टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि शिवणाच्या छोट्या गादीत खोचल्या. बाकीची शिलाईयंत्रं थांबली.

"त्याचं नाव काय होतं?"

"मार्कियान."

"आई आहे?"

"आहे. पोल्तावाकडे."

"तिला मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"मी सांगेन," रोक्सोलाना पुढे आली. "नियम माझा होता. गेल्या वर्षी शेजारच्या कारखान्यावर क्षेपणास्त्र पडलं तेव्हा मी ठरवलं, शिवणाऱ्यांना डेपो दाखवायचा नाही, डेपोवाल्यांना शिवणाऱ्या दाखवायच्या नाहीत. ज्याला जे कळायला नको ते कळू द्यायचं नाही. तुम्हाला एकदा आत येऊ दिलं असतं तर..."

"तर मी ओरडलो असतो," ओस्ताप म्हणाला. तो मेलानियासमोर गुडघ्यांवर बसला. "मावशी, मी त्रिफोनकाकांवर रोज ओरडतो, लोखंड नको, लोखंड नको. कापडात लोखंड असेल असं मलाच सुचलं नाही. आणि यंत्राला मी शिकवलं नव्हतं की होकायंत्र फसलं तर ओळख, थांब. ते मला शिकवता आलं असतं. आता शिकवतो."

"तुला पकडून नेणार होते ना रे?" मेलानियानं विचारलं. "माझ्यामुळे?"

"नाही नेलं, मावशी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं कात्री घेतली आणि पहिल्या टोपड्याचा काठ उसवायला लागली. कुणी काही सांगितलं नाही, पण सगळ्या जणींनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि उसवायला घेतलं. टेबलावर गावांचा ढीग झाला. ती रडली, पण हात थांबला नाही.

कॅप्टन बाहेर जिन्यात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. "मी ओस्तापच्या अटकेचा कागद फाडला," तो मला म्हणाला. "ह्या बाईचं नाव मी कुठंही लिहिणार नाही. पण खरं सांगा साव्वा लुकिच, तिला कळलंच नसतं तर बरं झालं नसतं?"

"ती पुढचं टोपडं शिवत होती," मी म्हणालो.

७

चार दिवस मेलानिया तळघरात आली नाही. पाचव्या दिवशी ती थेट डेपोच्या फाटकावर उभी राहिली. हातात नवं टोपडं, कापडी फासे आणि लाकडी खुंटी असलेलं. हातमोजे घालूनही खुंटी सहज निघत होती. पहारेकऱ्यानं रोक्सोलानाकडे पाहिलं. रोक्सोलानानं मान हलवली.

मेलानिया गाढवाभोवती सावकाश फिरली. ज्याच्यासाठी ती वर्षभर शिवत होती ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

"ह्यावर मी झोपणार," ती म्हणाली. "मला लांब न्या आणि तो तुमचा संपर्क तोडा."

"आम्ही वाळूची पोती ठेवतो, मावशी," ओस्ताप म्हणाला.

"पोत्याला भीती वाटत नाही."

त्रिफोन खाकरला. "मेलानिया पावलिवना, राग मानू नका, पण तुम्ही चिलखतासकट सैनिकाइतक्या भराल. माझं वेल्डिंग..."

"तोंड सांभाळ, त्रिफोन, नाहीतर ओठांना टाके घालीन."

तोच पुढे झाला आणि त्यानंच तिला हात देऊन निजवलं, पट्टे बांधले. ओस्तापनं टोपडं चढवलं. गाढव निघालं, बसच्या मागून वळलं आणि गवताच्या चढापलीकडे दिसेनासं झालं.

ओस्तापनं आमच्याकडे पाहिलं आणि संपर्क तोडला.

देमिदनं टोपी काढून हातात धरली होती. मी चढाकडे बघत होतो. स्तेफा गेल्यापासून पहिल्यांदाच माझं मन दुसऱ्या कुठल्या घरात, दुसऱ्या कुठल्या खोलीत नव्हतं. ते पूर्ण त्या चढावर होतं.

आधी दांडी दिसली, मग टोपडं. वळणावर गाढव पश्चिमेला वळलं आणि सरळ आलं. आमच्यापाशी येऊन थांबलं.

रोक्सोलानानं पट्टे सोडले. पण मेलानिया उठेना. डोळे उघडे, आभाळाकडे लावलेले.

"काय झालं, मावशी?" ओस्ताप घाबरून वाकला.

"पाठीला गारठा लागतो," ती म्हणाली. "खालचा पत्रा बर्फासारखा आहे. रक्त गेलेल्या माणसाला सोसायचा नाही. इथं लोकर घालायला हवी, चांगली जाड." मग तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "चालेल ना रे तुझ्या यंत्राला लोकर?"

गुडघ्यावर बसून ओस्ताप स्ट्रेचरखाली वाकला, त्यानं हात घालून सगळीकडून चाचपलं, बॅटऱ्यांची उष्णता कुठून बाहेर पडते ते पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला. "पण ही फट मोकळी ठेवा."

"दाखव कुठली," मेलानिया म्हणाली आणि उठून बसली.